थेंब, पात आणि चुनखडी

आधी एकच थेंब घेऊ. सटाण्याच्या आभाळातून तो सुटला आहे, अजून खाली पोचलेला नाही. घाई नको. वाटेत असतानाच त्याला नीट बघायचे आहे.

निर्मळ हवेतून आला तरी हा थेंब जरासा आंबटच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि त्याचा सामू (पीएच) ५.६ च्या आसपास येतो. आता त्याच्या वाटेत धूर आणा, वीजकेंद्रातल्या दगडी कोळशाचा, डिझेलच्या ट्रकांचा. त्यातले गंधकाचे आणि नत्राचे ऑक्साइड ओलाव्यात मिसळतात, त्यांचे आम्ल बनते. सामू एकने उतरला की आम्लता दसपट झाली. या दसपटीवर क्षणभर थांबा. ढग प्रवास करतात, त्यामुळे ज्या शिवारात एकही चिमणी नाही तिथेही ही आम्लता उतरू शकते.

आपल्याकडे मात्र थेंबाला वाटेत धूळही भेटते. उन्हाळ्यात नांगरून पडलेल्या रानांवरून उडालेली, चुना असलेली धूळ. आम्ल तिथेच बरेचसे मारले जाते. आपला पाऊस युरोपाइतका आंबट झाला नाही, त्याचे एक मोठे कारण ही रोज अंगणातून झाडून टाकायची धूळ आहे.

आता थेंबाला कांद्याच्या पातीवर उतरू द्या. पात उभी, पोकळ, वर मेणाचा थर. थेंब ठरत नाही, घरंगळतो; म्हणून तर फवारणीच्या पंपात स्टिकर घालावे लागते. पिकांवर मुद्दाम आम्लपाणी शिंपडून प्रयोग झाले, त्यांत पानांवरचे डाग बहुधा सामू ३ च्या आसपास किंवा खाली गेल्यावर दिसले. त्याआधीचे नुकसान डोळ्यांना कळत नाही. मेण झिजते, पानातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धुऊन जाते, परागकण नीट रुजत नाहीत. धुक्याचे थेंब तर पावसाहून अनेकदा जास्त आंबट, आणि ते घरंगळत नाहीत, बसून राहतात. उन्हाळ कांद्यावर धुई आली की शेतकरी पंप उचलतो तो करपा रोगाच्या भीतीने, आणि ती भीती रास्त आहे. अवकाळी आणि गारपिटीपुढे सटाण्याच्या या बागलाण तालुक्यात आम्लाचे भय लहानच म्हणायचे.

लहान का, ते पायाखाली बघा. बेसाल्ट झिजून झालेली काळी जमीन, तिच्यात चुनखडीचे खडे. थेंबातले आम्ल चुनखडीला भिडते आणि संपते. इथली तक्रार उलटी आहे. सामू ८ च्या वर गेला की जमिनीत असलेले लोहही मुळांना मिळत नाही, द्राक्षाची कोवळी पाने पिवळी पडतात. तोच थेंब मनाने सह्याद्रीपलीकडे न्या, कोकणच्या जांभ्या जमिनीत. धो धो पावसाने तिथला चुना कधीच वाहून गेला आहे. माती मुळातच आम्ल, आणखी आम्ल आले की ॲल्युमिनियम मोकळे होते, मुळांची टोके खुंटतात. पाणी तेच, आणि भात-नाचणीने काय सोसायचे ते माती ठरवते.

इथे आणखी थोडे रेंगाळू, कारण गोष्ट आता अवघड होते. कांद्याचा तिखटपणा आणि चिरताना डोळ्यांत येणारे पाणी, दोन्ही गंधकाचेच. कांद्याला गंधक हवेच असते. १९८० नंतर ब्रिटन आणि जर्मनीत धुरातले गंधक कमी होत गेले, तेव्हा रेपसीडच्या शेतांत गंधकाची उणीव दिसू लागली. आभाळ तिथे फुकट खत घालत होते. त्याच आभाळाने युरोपातली तळी आणि जंगलेही नासवली होती. सटाण्याचा शेतकरी गंधक पिशवीतून आणतो, एकरी किती टाकायचे ते ठरवतो, लागवडीआधी मातीत मिसळतो. वीजकेंद्रांच्या धुरातून किती गंधक सोडायचे त्याचे माप केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये ठरवून दिले, आणि ते पाळायची मुदत मग पुन्हा पुन्हा वाढत गेली.