खारी जमीन व गोडे पाणी
(वाचावे : यिर्मया १७:५-८, मत्तय ५:२३-२४)

यिर्मया संदेष्ट्याने दोन झाडांचे चित्र आपणापुढे ठेविले आहे. एक पाण्याकाठी लाविलेले, दुसरे खाऱ्या भूमीतील झुडूप. पहिल्यावर उपदेश पुष्कळ होतात. दुसऱ्याच्या मुळाशी जे मीठ आहे त्याकडे आपण फारसे पाहत नाही. आज तेच पाहू.

मुंबईतील वरळी हे पूर्वी बेट होते. वरळी व महालक्ष्मी यांमधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे व सखल प्रदेश बुडवून टाकी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकीर्दीत तेथे बांध घालण्यात आला. तो हॉर्नबी वेलार्ड या नावाने प्रसिद्ध झाला. समुद्र बाहेर राहिला. परंतु बांध पुरा होताच आतल्या जमिनीत बाग फुलली काय? मुळीच नाही. पुढे कित्येक वर्षे तेथे दलदलच होती. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ साली झाले, तेही अशाच दलदलीच्या जागी. समुद्र हटला तरी त्याचे मीठ मातीत राहते.

कोकणातील आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. खाजणाला बांध घातल्यावर शेतकरी पावसाची वाट पाहतो. गोडे पाणी शेतात साचवून मीठ विरघळू देतो, आणि ओहोटी लागली म्हणजे उघाडी मोकळी करून ते पाणी बाहेर सोडतो. असे दरसाल करावे लागते. आरंभी खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात घ्यावयाचे. वांगी-मिरच्यांची परसबाग मागाहून. उन्हाळ्यात ओल वर चढते, तिजबरोबर मीठही येते, व जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. म्हणून कोणी जाणता शेतकरी बांध फोडून घरी जात नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी आपण मूर्ती सोडिल्या, नवससायास सोडिले. हा बांध झाला, व तो आवश्यकच होता. परंतु जातीचा ताठा, भाऊबंदकीचे वैर, शिवीची सवय ही आत राहिली असतील तर त्यात नवल नाही. नव्या कुटुंबात आजाराच्या किंवा दुष्काळाच्या दिवसांत जुने मीठ वर आलेले दिसले, की "हा खरा ख्रिस्ती नव्हेच" असे बोलणाऱ्या उपदेशकाने जरा थांबावे. त्याने एकच पावसाळा पाहिला आहे.

देशावरील बंधू म्हणतील, आम्हांकडे समुद्र कोठे आहे? नसेल, पण नीरा व प्रवरा या नद्यांच्या कालव्यांखालील जमिनी त्यांनी पाहिल्या आहेत. तेथे उसाला पाणी अतोनात दिले गेले, निचरा मात्र ठेविला नाही. भूमीतील पाणी वर चढले, क्षार वर आले, आणि चांगल्या काळ्या जमिनी चोपण झाल्या. कालव्याचे पाणी खारे नव्हते, हे ध्यानात घ्यावे. गोड्या पाण्यानेच, वाट न मिळाल्यामुळे, ही नासाडी केली.

आमची भीती हीच आहे. ज्या मंडळीत उपासना होते, भजन होते, ख्रिस्ती कीर्तनही होते, आणि तरी दोन घरे बांधावरच्या हातभर जमिनीसाठी वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, तेथे वचनाचे पाणी कमी पडलेले नाही. आणखी एक उपदेश दिल्याने तेथे काय होणार? उघाडी बंद आहे. प्रभूने तर सांगितले की, वेदीपाशी अर्पण आणिल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. वेदी सोडून जाण्याची ही आज्ञा आम्हांस फार कठीण वाटते; पाळणे तर दूरच, वाचतानाही आम्ही ती घाईने ओलांडतो.

तेव्हा शिक्षकबंधूंस विनंती अशी की, येत्या प्रभुभोजनापूर्वीच्या आठवड्यात एक संध्याकाळची सभा बंद ठेवावी. पुस्तक व कंदील घेऊन प्रथम त्या दोन घरांपैकी जे अधिक रागावलेले असेल तेथे जावे, आणि ऐकत बसावे. दुसऱ्या घरी जाण्यास कोणी तयार झाला, तर कंदील त्याच्या हाती देऊन आपण मागून चालावे.