काचेमागील सौंदर्य

१९९१ साली इंग्लंडमधील कलावंत डेमियन हर्स्ट यांनी ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात मुद्दाम पकडविलेला शार्क फॉर्मल्डिहाइडमध्ये बुडवून काचपेटीत मांडला. मृत्यूचा विचार जागविणे हा हेतू. परंतु मासा कुजत गेला. २००६ मध्ये त्याच्या जागी दुसरा शार्क आला.

गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह आपणही जपतोच ना? होय, पण त्यासाठी कोणाचा जीव घेतला गेला नाही, आणि तेथे आपण गुडघे टेकतो. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने प्राणी चांगले आहेत असे पाहिले, ते मानव घडण्यापूर्वी, आणि जिवंतपणी. दिवाणखान्यातील शिंगांकडे पाहताना आपण स्वतःस विचारू या: आपण सौंदर्य जपले, की केवळ मालकी?