ओळख पटण्याआधीचा न्याय

गर्दीच्या लॉगिन सर्व्हरवर कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला परतवायचे, हा प्रश्न दिसतो तांत्रिक, पण मुळात आहे न्यायाचा. निर्णयाच्या क्षणी समोर कोण आहे हेच सर्व्हरला ठाऊक नसते. संशोधक, बँकेचा कर्मचारी आणि पासवर्डचे अंदाज बांधत सुटलेला प्रोग्रॅम हे तिघेही ओळख पटेपर्यंत सारखेच असतात.

ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरने यावर सोडतीचा मार्ग काढला आहे. त्यातली ‘मॅक्सस्टार्टअप्स’ ही मर्यादा फक्त ओळख पटायची राहिलेल्या जोडण्यांना लागू होते. लॉगिन झालेल्यांची गणती तिच्यात होत नाही. कोणी बदलली नसेल तर ती १०:३०:१०० अशी असते. अशा जोडण्या १० झाल्या की नव्या जोडणीला नकार मिळण्याची शक्यता ३० टक्के होते, ५५ झाल्या की ६५ टक्के, आणि १०० झाल्या की दार पूर्ण बंद. एरवी लॉगिन पूर्ण करायला १२० सेकंदांची मुदत मिळते. मर्यादा सरळ १० ठेवली, तर नुसत्या १० जोडण्या अडवून धरणारा सगळ्यांची वाट रोखू शकतो. सोडतीत मात्र उशिरा आलेल्यालाही संधी उरते.

पण निव्वळ योगायोगाने मिळालेला नकार न्याय्य कसा? ॲरिस्टॉटलने चिठ्ठ्या टाकून अधिकारी नेमणे हे लोकशाहीचे लक्षण मानले होते. तत्त्वज्ञ जॉन ब्रूम यांनी १९९० मध्ये सोडतीला नेमका आधार दिला: हक्क सारखे आणि वस्तू अपुरी असेल, तेव्हा निदान समान संधी देणे म्हणजे प्रत्येकाच्या हक्काची दखल घेणे होय.

या युक्तिवादात एक अट दडलेली आहे. प्रत्येकाची चिठ्ठी एकच हवी. सर्व्हरवरची सोडत माणसागणिक नव्हे, जोडणीगणिक होते. जो शेकडो जोडण्या पाठवतो त्याच्या शेकडो चिठ्ठ्या पडतात, आणि एकदाच प्रयत्न करणारा मागे राहतो. म्हणून २०२१ च्या ८.५ आवृत्तीत एकेका आयपी पत्त्यामागे वेगळी मर्यादा घालण्याची सोय आली, तर २०२४ च्या ९.८ आवृत्तीत वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला काही काळ बाहेर ठेवण्याची. त्यातून नवा अन्याय संभवतो. एकाच आयपी पत्त्यामागे अख्खे कार्यालय किंवा वसतिगृह असू शकते, आणि एकाच्या वर्तनाची शिक्षा साऱ्यांना भोगावी लागते. विश्वासातल्या पत्त्यांना या शिक्षेतून वगळता येते, पण ते पत्ते आधी कोणाला तरी ओळखावे लागतात.

इथे देखरेखीला नैतिक महत्त्व येते. परतवलेल्याची जोडणी पासवर्ड विचारण्याआधीच तुटते. सर्व्हरला त्याचे नाव कळलेलेच नसते, त्यामुळे त्याची तक्रारही तिथे पोहोचत नाही. त्याच्या बाजूने बोलते ती फक्त नोंद. नव्या आवृत्त्यांत सर्व्हरच्या प्रक्रियेच्या नावापुढेच किती जोडण्या ताटकळत आहेत आणि मर्यादा काय, हे दिसते. नकार देणे कधी सुरू झाले, कधी थांबले आणि दरम्यान किती जोडण्या तोडल्या, हे लॉगमध्ये उमटते. या नोंदी नियमाने वाचणारा व्यवस्थापकच ठरवू शकतो की मर्यादा वाढवायची, एखाद्या पत्त्याला आवर घालायचा, की निर्दोषांना सूट द्यायची.

अनोळखी माणसाला नकार देणे अटळ असेल तेव्हा सोडत न्याय्य ठरते, पण दोन अटींवर: कोणाच्याही चिठ्ठ्या जास्त पडू नयेत, आणि दिलेल्या नकारांचा हिशेब कोणीतरी ठेवावा. पहिली अट सॉफ्टवेअर काही अंशी पाळते. दुसरी पाळण्याची जबाबदारी माणसाची आहे.