वास्तुविद्येचा विद्यार्थी आणि अर्जुनाचा विषाद

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ उपदेशाने होत नाही, विषादाने होतो. आणि तो विषाद एखाद्या अडाणी अथवा भित्र्या मनुष्याचा नसून आपल्या विद्येत पारंगत असलेल्या वीराचा आहे. गात्रे गळून जाणे, तोंडाला कोरड पडणे, अंगास कंप सुटणे, हातातून धनुष्य निसटणे, त्वचेचा दाह होणे आणि मन भोवंडून जाणे ही सर्व लक्षणे पहिल्या अध्यायात एकामागून एक सांगितली आहेत. पुष्कळ वाचक तो अध्याय घाईने ओलांडून दुसऱ्या अध्यायाकडे वळतात. परंतु ज्यांच्या घरी वास्तुविद्या शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी तो पुन्हा सावकाश वाचावा. रात्री दोन वाजता पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीवर वाकलेल्या किंवा संगणकासमोर बसून राहिलेल्या आपल्याच अपत्याची मूर्ती त्यांना त्यात दिसेल.

हे शिक्षण इतर शिक्षणांहून काहीसे निराळे आहे. भारतात वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा असतो आणि त्यातील एक सत्र तरी प्रत्यक्ष कार्यालयात उमेदवारी करण्यात घालवावे लागते. गणिताच्या उत्तरपत्रिकेत उत्तर एक तर बरोबर असते किंवा चूक. वास्तूच्या आराखड्याला असे एकच उत्तर नसते. विद्यार्थी आठवडेच्या आठवडे झिजून एक शाळा, एक रुग्णालय, एक धर्मशाळा कागदावर उभी करतो, तिची प्रतिकृती कापून-चिकटवून तयार करतो आणि मग परीक्षकमंडळापुढे, ज्याला विद्यार्थी ‘ज्युरी’ म्हणतात, सर्व सहाध्यायांच्या देखत उभा राहतो. तेथे कधी दहा मिनिटांत त्या साऱ्या श्रमांचे धिंडवडे निघतात. परीक्षक बोलतात जिन्याबद्दल. मुलाच्या कानी मात्र ‘तू नालायक आहेस’ एवढेच पोचते.

हे असे का व्हावे? आराखडा आणि आराखडा काढणारा यांत अंतर राहिलेले नसते म्हणून. ‘माझे’ या एका शब्दाने ती दोन्ही इतकी घट्ट सांधली जातात की कागदावर मारलेली लाल रेघ थेट काळजावर उमटते. गीतेने ज्याला संग म्हटले आहे तो केवळ धनाचा किंवा विषयांचा नव्हे. आपल्या कृतीचा संगही तितकाच बळकट असतो. किंबहुना कलावंताच्या बाबतीत तोच अधिक बळकट. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरले गेले. त्याच वंशातील कर्क राजाच्या इ. स. ८१२ च्या सुमाराच्या ताम्रपटात त्या मंदिराचे वर्णन आले आहे. तेथे असा आशय आहे की, ते पूर्ण झालेले पाहून खुद्द शिल्पीच विस्मित झाला आणि हे आपल्या हातून घडले तरी कसे, असे त्याला वाटले. त्या शिल्प्याचे नाव मात्र ताम्रपटाने दिलेले नाही. एवढा डोंगर वरून खाली कोरून काढणारा मनुष्य आपल्या कृतीकडे परक्याच्या नजरेने पाहू शकला. ही नजर विद्यार्थ्याने कमवावयाची आहे. तिच्यामुळे दोषदर्शन ऐकता येते, वहीत टिपून घेता येते आणि दुसऱ्या दिवशी जिना दुरुस्त करता येतो.

निद्रेचा प्रश्न येथेच उरकून घ्यावा. वास्तुविद्यालयांत रात्रंदिवस जागरण करण्याची एक प्रथाच पडली आहे आणि ज्याचे डोळे अधिक लाल तो अधिक निष्ठावान, अशी समजूत आढळते. सहाव्या अध्यायात भगवंतांनी अतिनिद्रा आणि अतिजागरण या दोहोंनाही योगाचे विघ्न ठरविले आहे. जागरण हे तप नव्हे. तीन रात्री न झोपलेल्या हातात कापण्याचे पाते देऊ नये, हे सांगावयास तर गीतेचीही गरज नाही.

पदवी मिळाली, की खरी परीक्षा सुरू होते. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाप्रमाणे मान्य पदवी व परिषदेकडील नोंदणी असल्यावाचून कोणासही ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही. पण संरक्षण आहे ते उपाधीला. आराखडे करण्याचे काम इतरांना निषिद्ध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. शिवाय हा धंदा बांधकामावर अवलंबून आणि बांधकाम कर्जाच्या व बाजाराच्या भरती-ओहोटीवर अवलंबून. पैसा आटला की प्रथम नव्या इमारतींचा बेत लांबतो आणि प्रथम नव्या उमेदवाराचीच जागा जाते. ज्याने पाच वर्षे संग्रहालये आणि नगरे रेखाटली त्याला अखेर काम मिळते ते दारे-खिडक्यांचा तक्ता भरण्याचे किंवा स्नानगृहाच्या फरशांची मांडणी काढण्याचे, आणि वेतन असे की शहरातील खोलीचे भाडेही त्यातून सुटू नये. अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसे प्रत्येक कर्म कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेले असते, हे अठराव्या अध्यायातील वचन या तरुणांना लवकरच अनुभवाने कळते.

अशा वेळी वडीलधारी मंडळी एक ठरलेले वाक्य बोलतात: फळाची आशा धरू नकोस. वाक्य गीतेचे, पण ते असे फेकून मारले म्हणजे त्याचा अर्थ उलटा होतो. ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे त्याने वेतनाची इच्छाच करू नये, असे गीता कोठेही सांगत नाही. कर्मावाचून शरीराचा निर्वाहही चालणार नाही, असे तिसऱ्या अध्यायात भगवंत स्वतः म्हणतात. अर्थ हाही पुरुषार्थच आहे. गीता सांगते ती गोष्ट निराळी व अधिक उपयोगाची आहे, आणि ती अठराव्या अध्यायात फार नेमकेपणाने मांडली आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास तेथे पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव.

नोकरीच्या शोधाला ही पाच कारणे लावून पाहावीत. अधिष्ठान म्हणजे येथे शरीर, प्रकृती. ती जागरणाने व उपासाने खिळखिळी झाली असेल तर पहिला खांबच डळमळीत. कर्ता म्हणजे तो स्वतः, त्याचे ज्ञान व वृत्ती. साधने म्हणजे रेखाटण्याचा हात, संगणकावरील कौशल्य, आपल्या कामाचा नीटनेटका संग्रह. प्रयत्न म्हणजे अर्ज, भेटी, ओळखीपाळखी, पुन्हा अर्ज. ही चार कमीअधिक प्रमाणात त्याच्या हाताखालची आहेत. पाचवे नाही. ज्या कार्यालयात त्याने अर्ज केला तेथील मोठे काम त्याच आठवड्यात रद्द झाले असेल, तर ते त्या मुलाच्या कोणत्या अपराधाचे फळ? २०२० च्या टाळेबंदीत जे पदवीधर बाहेर पडले त्यांची बुद्धी आधीच्या वर्षीच्या मुलांहून कमी नव्हती. नकाराचे पत्र आले म्हणजे तरुण मनुष्य पाचही कारणांचा दोष एकट्या कर्त्याच्या माथी मारतो आणि खचतो. त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे की, जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही. हे वचन यशाने फुगलेल्यांना नेहमी ऐकविले जाते. अपयशाने पिचलेल्यांना ते क्वचितच कोणी ऐकवितो. वस्तुतः त्याची अधिक गरज यांनाच आहे.

महाभारतातील मयासुराची कथा येथे आठवते. खांडववनाच्या आगीतून अर्जुनाने त्याला वाचविले. मय हा दानवांचा शिल्पी. उपकाराची फेड करावी म्हणून तो हात जोडून उभा राहिला. अर्जुनाने स्वतःसाठी काही घेण्याचे नाकारले आणि श्रीकृष्णांकडे बोट दाखविले. श्रीकृष्णांनी विचार करून सांगितले की, धर्मराजासाठी एक सभा बांध. मयाने भूमी मोजली, उत्तरेकडे बिंदुसरोवरापर्यंत जाऊन सामग्री आणली आणि चौदा महिन्यांत सभा उभी केली. जमिनीच्या जागी पाण्याचा आणि पाण्याच्या जागी जमिनीचा भास व्हावा, असे ते कौशल्य होते. त्याचे पुढे काय झाले? त्याच स्फटिकभूमीवर दुर्योधन फसला, पाण्यात पडला, हसला गेला. तो अपमान त्याने मनात धरला, त्यातून द्यूत घडले, वनवास घडला आणि ती सभा ज्यांच्यासाठी बांधली त्यांनाच ती गमवावी लागली. मयाचा हेतू कृतज्ञतेचा होता, विद्या निर्दोष होती, श्रम पुरे होते. फळ मात्र त्याने योजिलेल्या कोणत्याही आराखड्यात नव्हते. वास्तू बांधणाऱ्याच्या हाती भिंती असतात. त्या भिंतींच्या आत माणसे कशी वागतील हे त्याच्या हाती नसते.

याच महाभारतात दुसरी एक वास्तू आहे आणि नोकरीवाचून हवालदिल झालेल्या तरुणाने तीही लक्षात ठेवावी. वारणावतात पुरोचनाने लाक्षागृह बांधले. लाख, तूप, ताग अशा भडकणाऱ्या पदार्थांनी भिंती लिंपून वरून ते शोभिवंत केले. कामही राजाश्रयाचे होते! त्याउलट विदुराने पाठविलेला तो खनक. त्याने रात्रीच्या रात्री जमिनीखाली भुयार खणले, त्याचे तोंड फळ्यांनी झाकून ठेवले आणि सहा जीव वाचविले. पुरोचन आपणच उभारलेल्या घरात जळाला. आज या धंद्यात लाक्षागृहाचे निमंत्रण निराळ्या रूपाने येते. स्वतः न पाहिलेल्या आराखड्यांवर नोंदणीकृत वास्तुविशारद म्हणून केवळ सही करावयाची, इमारत दुसऱ्या कोणी आखावी, तिसऱ्याने बांधावी आणि याने सहीचे पैसे घ्यावेत. दोन वर्षे रिकामा बसलेल्या मुलाला हा मोह सोपा वाटतो. त्या इमारतीत राहावयास जाणारी माणसे भिंतीचा वास घेऊन ओळखणारा युधिष्ठिर असतीलच असे नाही. तेव्हा ते पैसे घरात येऊ लागले असता आई-वडिलांनी ‘चला, मार्गी लागला’ म्हणून समाधान मानू नये. कशाचे आले ते विचारावे.

वाट पाहण्याचा काळ रिकामा जाऊ न देणे, हे मात्र साधण्यासारखे आहे. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी तरुणपणी पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात गेले, तेव्हा पहिले आठ महिने त्यांना वेतन नव्हते. पुढे त्यांनी इंदूरजवळ अरण्य नावाची वसाहत आखली. तीत गरीब कुटुंबांना पुरे घर न देता जोते, पाणी व स्वच्छतेची सोय एवढे मूळ देऊन उरलेले घर त्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी योजना होती. वास्तुशिल्पज्ञाने आपल्या कृतीचा शेवट दुसऱ्यांच्या हाती सोपविल्याचा हा दाखला संगत्यागाचा म्हणूनही अभ्यासण्याजोगा आहे. त्यांना २०१८ साली, वयाच्या नव्वदीत, प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. (त्यांच्या त्या आठ महिन्यांचा दाखला देऊन मुलांना फुकट राबवून घेणारे कार्यालयचालक मात्र दाखल्याचा दुरुपयोग करतात. काम करून घेणाऱ्याने मोबदला द्यावा, हाही धर्मच होय.) नोकरी नसलेल्या तरुणाने रोज ठरावीक वेळी उठावे, गावातील जुन्या देवळाची, वाड्याची, पायविहिरीची मापे घेऊन ती रेखाटावी, गवंड्याजवळ बसून चुना आणि विटेचे ज्ञान घ्यावे. यामुळे लगेच नोकरी लागेल असे नव्हे. हात चालू राहतो, आणि चालू राहिलेला हात मनाला सावरतो.

शेवटी गृहस्थांसाठी थोडेसे. संपूर्ण पहिल्या अध्यायात श्रीकृष्णांच्या तोंडी एकच वाक्य आहे, तेही रथ उभा करताना समोरचे कुरू पाहावयास सांगणारे. त्यानंतर अर्जुन रडतो, तर्क करतो, शास्त्रे सांगतो, धनुष्य टाकून बसतो. सर्वज्ञ भगवंत ते सर्व ऐकून घेतात. मग दोन श्लोकांइतके कठोर शब्द, आणि शिष्य म्हणून त्याने मार्ग विचारल्यावर सविस्तर बोध. ज्या घरी मुलाने ‘मला जमत नाही’ एवढे उच्चारताच शेजारच्या अभियंत्याच्या पगाराचा आकडा सांगितला जातो, त्या घराने या क्रमाचा विचार करावा. जेवणाच्या पानावर नोकरीचा विषय काढू नये. खर्चाची गोष्ट करावयाची तर हिशेब समोर ठेवून, मुलाला बरोबरीने बसवून करावी. आपले ओझे किती आहे हे नेमके कळले म्हणजे ते कल्पनेतल्या ओझ्याहून पुष्कळदा हलके निघते. वास्तुविद्या सोडून त्याला प्रदर्शनांची मांडणी, लाकूडकाम, अध्यापन किंवा जुन्या इमारतींची डागडुजी याकडे वळावेसे वाटले, तर त्यास पराभव म्हणू नये. स्वधर्म म्हणजे पदवीच्या कागदावरील शब्द नव्हे.

आणि मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, मित्रांना टाळीत असेल, जगण्यात अर्थ नाही असे एकदाही बोलले असेल, तर गीतापाठ चालू ठेवूनच त्याला वैद्याकडे न्यावे. ज्वराला औषध देताना कोणी श्रद्धा कमी झाली म्हणत नाही. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी-सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही विनामूल्य बोलता येते. तो क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देवघराशेजारी लावून ठेवावा, आणि रात्री त्याच्या खोलीतील दिवा जळत दिसला तर दार लोटून आत जाऊन, काही न विचारता, थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे.