तळाशी राहिलेले ऋण

शाळेत रसायनशास्त्र शिकविताना हातून घडलेली एक गोष्ट मला अलीकडे वारंवार आठवते. साल १९७८. प्रयोगशाळेतील वायुभारमापकाची नळी एका विद्यार्थ्याच्या हातून फुटली आणि पारा टेबलभर पसरला. मोत्यांसारखे ते चंचल थेंब पाहून मुले हरखून गेली. तळहातावर घेऊन ती खेळू लागली. मी त्यांना अडविले नाही, कारण लहानपणी मीही तसाच खेळलो होतो. तास संपत आला तेव्हा मी फडक्याने तो पारा गोळा केला, बेसिनमध्ये लोटला आणि वरून भरपूर पाणी सोडले. टेबल स्वच्छ झाले. आपण आपले काम नीट केले, असे समाधान घेऊन मी घरी गेलो.

तो पारा आज कोठे असेल? हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनाला शिवलाही नाही. आता तो सुटत नाही, कारण त्याचे उत्तर मला ठाऊक आहे: कोठेतरी आहेच. पारा हे मूलद्रव्य आहे. लाकूड जळते, फळ कुजते, मनुष्यदेह पंचत्वात विलीन होतो. पारा यांपैकी काहीच करीत नाही. आपल्या रसशास्त्राने पाऱ्याचे मूर्च्छन, बंधन आणि मारण अशा क्रिया वर्णिल्या आहेत. ‘मेलेला’ पारा म्हणजे रूप पालटलेला पारा. तो नाहीसा झालेला नसतो. मूर्च्छित मात्र तो होऊ शकतो, आणि मूर्च्छा आली की ती कधीतरी उतरण्याचा संभवही आलाच.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. तेथे १८४८ साली सोने सापडले आणि जगभरातून माणसांचा लोंढा लोटला. डोंगर पाण्याच्या झोताने फोडायचे, ती माती लाकडी पन्हळींतून वाहू द्यायची आणि पन्हळीत पारा घालून त्यात सोन्याचे कण धरायचे, अशी पद्धत होती. या उद्योगात सुमारे साडेचार हजार टन पारा हातून निसटून नद्यानाल्यांत गेला असा तेथील भूशास्त्र खात्याचा अंदाज आहे. १८८४ मध्ये न्यायालयाच्या निकालाने डोंगर फोडून राडारोडा नदीत सोडण्याला आळा बसला, तो मुख्यतः खालच्या शेतकऱ्यांची जमीन गाळाखाली गाडली जात होती म्हणून. पाऱ्याचा विचार तेव्हा कोणी केला नव्हता. पुढे त्याच नद्यांवर धरणे झाली आणि वाहत आलेला पारा जलाशयांच्या तळाशी बसला. बेअर नदीवरील कॉम्बी जलाशयातून गाळ उपसताना गाळाबरोबर पारा ढवळला जात असल्याचे लक्षात आले, तेव्हा ते काम थांबवावे लागले. नंतर गाळातून पारा वेगळा काढण्याचे प्रयोग हाती घेण्यात आले. ज्यांनी सोने नेले त्यांच्या नातवंडांचीही नातवंडे आज हयात असतील. पारा कोणीच नेला नाही.

तळाशी पडलेला पारा निरुपद्रवी असता तर प्रश्न उरला नसता. परंतु प्राणवायू नसलेल्या गाळात काही जिवाणू पाऱ्यापासून मिथाइल पारा तयार करतात. तो सूक्ष्म जीवांत शिरतो, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत साठतो, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत आणखी साठतो आणि शेवटी माणसाच्या ताटात येतो. गर्भातील बालकाच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत अधिक. म्हणजे ज्याचा जन्मही झालेला नाही, त्याच्याकडून दीडशे वर्षांपूर्वीच्या सोन्याची किंमत वसूल होते.

हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्या हैदराबादेत सोन्याची खाण नव्हती. पण तळे आहे, आणि तळाशी साठलेला वारसाही आहे. १५६२ मध्ये इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात बांधलेल्या हुसेन सागराने एके काळी या शहराची तहान भागविली. काचीगुडा, गवळीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना हे तळे घरच्यासारखेच. पाहुणा आला की त्याला टँक बंडवर न्यायचे, नवपरिणितांनी तेथेच फिरायला जायचे, आणि अनंत चतुर्दशीला गणरायाला निरोपही तेथेच द्यायचा. दरम्यान शहराच्या वायव्येला कारखाने उभे राहिले आणि त्यांचे सांडपाणी कुकटपल्ली नाल्याने वर्षानुवर्षे याच तळ्यात येत राहिले. वस्त्यांचा मैला आला. आपण भक्तिभावाने सोडलेल्या मूर्तींचे रंगही आले. शिसे, क्रोमियम, जस्त असे जड धातू गाळात साठत गेले. मूलद्रव्य म्हणून त्यांचा स्वभाव पाऱ्यासारखाच: बसतात, पण संपत नाहीत.

१९९० साली बुद्धाची भव्य मूर्ती तराफ्यावरून नेताना याच पाण्यात बुडाली आणि काही माणसेही त्यात दगावली. दोन वर्षे ती मूर्ती तळाशी होती. १९९२ मध्ये ती वर काढून उभी केली, तेव्हा सारे शहर पाहायला लोटले. आम्हीही गेलो होतो. जे हरवले आहे आणि हवे आहे ते वर काढताना कोणी वाद घालीत नाही. जे नको आहे ते वर काढायचे म्हटले की मात्र शंभर प्रश्न उभे राहतात. २००६ पासून जपानच्या कर्जसाहाय्याने नाल्यांचे पाणी अडविणे, शुद्ध करणे आणि नाल्यांच्या मुखाशी साठलेला गाळ काढणे अशी कामे झाली. २०१५ मध्ये तर तळेच रिकामे करून स्वच्छ करण्याचा विचार पुढे आला आणि त्याबरोबर वादही. त्यातला एक प्रश्न साध्या माणसालाही कळणारा होता: हा गाळ नेऊन टाकायचा कोठे?

येथेच खरा नैतिक पेच सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, निजलेल्या विषाला जागवू नका. गाळ ढवळला की त्यातील धातू पुन्हा पाण्यात मिसळतील. त्यापेक्षा वरून नवा गाळ बसू द्या, काळच त्याला झाकील. दुसरा पक्ष म्हणतो, झाकणे म्हणजे फेडणे नव्हे. आज आपल्याला कळले आहे, म्हणून आजच उपसा. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. जपानमधील मिनामाताच्या खाडीत एका रसायन कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पारा सोडला. १९५६ मध्ये तेथील भयंकर रोगाची अधिकृत नोंद झाली. पुढे १९७७ ते १९९० अशी जवळजवळ चौदा वर्षे खपून अतिदूषित गाळ उपसला आणि खाडीचाच काही भाग बंदिस्त करून त्यात तो भरला. त्या ५८ हेक्टर भरावावर आज उद्यान आहे. १९९७ मध्ये तेथील मासे सुरक्षित असल्याचे जाहीर झाले. उपसण्याचा लाभ झाला, हे नाकारता येत नाही. परंतु पारा आजही त्या उद्यानाच्या पोटात आहे आणि त्याची राखण पुढच्या पिढ्यांनाही करावी लागणार आहे. पाऱ्याच्या बाबतीत ‘सफाई’ या शब्दाचा अर्थ एवढाच होतो: राखण करायची जागा बदलणे.

म्हणून ‘उपसावे की नाही’ हा प्रश्न तज्ज्ञांनी जागेजागेचा गाळ तपासून सोडवावा. आपल्यासारख्यांनी विचार करावा असा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ही राखण कोणाच्या माथी? ज्यांनी विष सोडले ते कारखाने बंद पडले, मालक गेले, कामगार निवृत्त झाले. ‘प्रदूषण करील त्याने भरावे’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातील बिछडी गावाच्या प्रकरणात स्पष्टपणे लागू केले. पण करणारा सापडतच नसेल तर?

आपल्या हैदराबादेपासून फार दूर नसलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ऋणाचा विचार त्या परंपरेने फार बारकाईने केला आहे. बापाने मद्यपानासाठी वा जुगारासाठी काढलेले कर्ज आणि त्याला झालेल्या दंडाची बाकी मुलाने फेडण्याचे कारण नाही, असे ती सांगते. कोणी म्हणेल, तळे नासविणे हा अपराधच. त्याचा दंड अपराध्याबरोबर गेला, आमचा काय संबंध? युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु त्याच परंपरेत दुसराही नियम आहे. एकत्र कुटुंबाच्या निर्वाहासाठी काढलेले ऋण कर्ता मृत झाला किंवा परागंदा झाला तरी वारसा घेणाऱ्यांनी फेडलेच पाहिजे. मग ठरवायचे ते एवढेच, की तळाशी बसलेले विष हा दंड आहे की कुटुंबासाठी काढलेले कर्ज?

याचे उत्तर मला माझ्या घरातच सापडले. आमचे थोरले बंधू शहराच्या वायव्येकडील एका कारखान्यात तीस वर्षे नोकरीस होते. अलीकडे एकदा तळ्याचा विषय निघाला तेव्हा दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पावसाची पहिली जोरदार सर आली की आम्ही टाकीची झडप उघडायचो. वरून तसा हुकूमच असायचा. पाण्याबरोबर सगळं वाहून जायचं, दिसायचंसुद्धा नाही.” मी विचारले, “तुम्हांला तेव्हा काही वाटलं नाही?” ते म्हणाले, “वाटलं असतं तर तुझी कॉलेजची फी कोणी भरली असती?”

ते चिडून बोलले नव्हते. हिशेब सांगत होते. तो हिशेब खराच होता. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कारखान्याने वाचविला. त्यातला मोठा वाटा मालकाला मिळाला असेल. पण थोडा पगारात आला, थोडा मालाच्या स्वस्त किमतीत आला. त्या पगारातून आमच्या जुन्या घराचे छत दुरुस्त झाले, बहिणीचे लग्न झाले, मी पदवीधर झालो आणि मुलांना पाऱ्याचे गुणधर्म शिकवू लागलो. तो न केलेला खर्च म्हणजे तळ्याकडून न विचारता काढलेले कर्ज होते, आणि ते आमच्या कुटुंबासाठीच वापरले गेले. मी कोणतीही झडप उघडली नाही, तरी मी रिक्थग्राही आहे. वारसा घेतलेला माणूस आहे.

येथे दोष आणि ऋण यांतला भेद जपला पाहिजे. दोष करणाऱ्याचा असतो आणि तो वारशाने येत नाही. म्हणून दादांना या वयात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची मला इच्छा नाही आणि अधिकारही नाही. हुकूम देणारे वेगळे होते. ऋण मात्र लाभाच्या मागोमाग येते. ‘आम्ही काही केले नाही’ हे दोषाला पुरेसे उत्तर आहे, ऋणाला नाही. वडिलांचे कर्ज फेडण्याच्या मुलाच्या धार्मिक बंधनाला, नव्या कर्जांपुरती, २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने मूठमाती दिली. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. परंतु बापाचे घर घेऊन बापाच्या सावकाराला दारातून परत पाठविणाऱ्या मुलाला आपल्या समाजाने कधी भला म्हटले नाही.

आणि हेच तत्त्व ‘गाळ टाकायचा कोठे’ या प्रश्नालाही थोडा प्रकाश देते. आजवर जगाने असा कचरा बहुधा गरिबाच्या दारात नेऊन टाकला आहे. न्यूयॉर्क राज्यातील थर्मामीटरचा कारखाना १९८० च्या दशकात कोडाईकनालच्या डोंगरावर आला, तो २००१ मध्ये पाऱ्याच्या कचऱ्यावरून बंद पडला आणि २००३ मध्ये पारामिश्रित असा सुमारे २९० टन माल पुन्हा अमेरिकेला पाठवावा लागला. उलट्या दिशेने घडलेला हा प्रवास विरळाच. तळ्याकाठच्या घरांच्या किमती वाढाव्यात म्हणून तळ्यातले विष शहराबाहेरच्या एखाद्या वस्तीजवळच्या खाणीच्या खड्ड्यात टाकणे म्हणजे ज्यांना वारसा मिळाला नाही त्यांच्या नावावर कर्ज चढविणे होय. त्यापेक्षा ते तळ्यातच, सर्वांच्या नजरेसमोर, नीट बंदिस्त असलेले अधिक न्यायाचे. आणि हलवायचेच असेल, तर पुरेसा खर्च करून, ते स्थिर करून, कायमच्या राखणीची तरतूद करून हलवावे; तो खर्च आपण करातून सोसावा आणि त्याबद्दल कुरकुर करू नये.

निसर्गात पारा बहुधा हिंगुळाच्या रूपात, गंधकाशी बांधलेला, खडकात असतो. आता युरोपात नको असलेला पारा पुन्हा गंधकाशी संयोग घडवून, म्हणजे एका अर्थी हिंगूळ करूनच, मिठाच्या खोल खाणींत ठेवतात. जेथून आणले तेथेच, त्याच रूपात परत ठेवायचे, हे शहाणपण माणसाला यायला फार उशीर झाला, पण आले.

आमच्या घरी गेली काही वर्षे शाडूचा लहानसा गणपती असतो आणि त्याचे विसर्जन बादलीत होते. ते पाणी दादा तुळशीला घालतात. एवढ्याने तळ्याचे कर्ज फिटत नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. मागच्या वर्षी विसर्जनानंतर मी त्यांना त्या फुटलेल्या नळीची आणि बेसिनमध्ये सोडलेल्या पाऱ्याची गोष्ट सांगितली. ती मी आजवर कोणालाच सांगितली नव्हती. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे तूसुद्धा.” मी म्हटले, “हो, मीसुद्धा.”