भोकावरून वय, आणि घरमालक

सतराव्या शतकातल्या इंग्रजांचा तंबाखूचा पाईप पांढऱ्या मातीचा असायचा. आपल्या चिलमीसारखीच भाजलेली माती, फक्त दांडा लांब आणि सडपातळ. स्वस्त वस्तू, पटकन मोडायची, लोक फेकून द्यायचे. म्हणून इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतल्या जुन्या इंग्रज वसाहतींत आजही खणलं की दांड्यांचे बोटभर तुकडे निघतात. बहुतेकांवर नाव नाही, नक्षी नाही. मग वय कसं काढायचं?

1954 साली जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने दांड्यातल्या भोकाकडे लक्ष वेधलं. माती ओली असताना तार घालून ते पाडत. काळ गेला तसे दांडे लांबले, भोकं बारीक झाली: 1600च्या सुमारास इंचाचे 9/64, 1800कडे 4/64. मोजायला काय वापरायचं, तर साधे ड्रिलचे बिट! पुढे लुईस बिनफर्डने त्याचं सूत्र केलं. भोकांची सरासरी (चौसष्टांश इंचात) 38.26 ने गुणा, 1931.85 मधून वजा करा. सरासरी 7 आली तर साल 1664. सूत्राचं शेवटपर्यंत ऐकलं तर 1931 संपता संपता भोक पार बुजायला हवं. सूत्राला स्वतःची हद्द कळत नाही, ती आपण घालायची.

पण खरी गोम वेगळीच आहे. हे सूत्र ढिगाला लागू पडतं. एखाद्या कारागिराने जुनीच जाड तार वर्षानुवर्षं वापरली असेल. एकच तुकडा उचलून ‘हा 1664चा’ म्हणणारा माणूस गणितात चुकत नाही, तरीही खोटं बोलतो.

‘बॅचलरांना फ्लॅट देत नाही’ म्हणणारा घरमालक मला याच जातीचा वाटतो. त्याचा अनुभव ढिगाबद्दल कदाचित बरोबरही असेल. ते मी नाकारत नाही. समूहावरून अंदाज बांधणंच अनैतिक, असंही मला वाटत नाही. तसं असतं तर पुरातत्त्वज्ञाने हात जोडून बसावं. पण त्याच्यापुढचा तुकडा मुका असतो आणि चुकीचं साल लागल्याने रस्त्यावर येत नाही. दारात उभ्या पोराला मात्र विचारता येतं. जिथे विचारता येतं तिथे न विचारता सरासरी पुढे करणं, हा माझ्या मते आळस आहे, आणि त्याची किंमत दुसरा भरतो.

विचारलं की लगेच उत्तर मिळतं, असंही नाही. काही पाईपांवर तंबाखूच्या वाटीवर बनवणाऱ्याची अक्षरं असतात. ब्रिस्टलच्या रॉबर्ट टिपेटची ‘आर टी’ ही खूण अमेरिकेपर्यंत सापडते. आता हा तुकडा तरी स्वतःचं नाव सांगतोय ना? सांगतोय. पण आजोबा, वडील आणि नातू, तिघंही रॉबर्ट टिपेटच. मग अभ्यासक पुन्हा तो एकच तुकडा हातात घेऊन वाटीचा आकार न्याहाळत बसतात.