सम्यक व्यायाम आणि रक्तातली साखर

बुद्धाच्या आर्य अष्टांगिक मार्गातले सहावे अंग सम्यक व्यायाम. येथे व्यायाम म्हणजे जोरबैठका नव्हेत, चित्ताचा प्रयत्न. त्याची चार रूपे सांगितली आहेत : न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले सोडणे, न उपजलेले कुशल उपजवणे आणि उपजलेले टिकवणे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, तेव्हा ते स्वतः मधुमेहाने खंगलेले होते. मनासाठी सांगितलेला हा प्रयत्न देहाला कितपत लागू पडतो, हा प्रश्न म्हणून नागपुरात केवळ शब्दसाम्याचा राहत नाही.

उपाशीपोटी रक्तातली साखर दर डेसिलिटरला १०० ते १२५ मिलिग्रॅम असली की तिला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. रोग अजून उपजलेला नसतो. इन्सुलिन असते, पण स्नायू आणि यकृत त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. ती उणीव भरून काढायला स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते. चालताना स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा त्याच्या पेशींतली ग्लुट-४ ही वाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतात. शिवाय त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनलाही चांगला प्रतिसाद मिळतो. मग तो ओसरतो. कित्येक महिन्यांच्या सवयीने मिळवलेला लाभही सवय सुटली की विरत जातो. संचिताच्या भाषेत बोलायचे तर हे पुण्य साठत नाही. चौथा प्रयत्न, टिकवण्याचा, म्हणूनच सर्वांत कठीण.

सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांचे, सहज आणि अपथ्यजन्य असे दोन प्रकार मानले. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीविना, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढत मुनीसारखे शंभर योजने चालावे, असे तो सांगतो. भिक्खूंच्या चारिकेशी, म्हणजे पायी भ्रमंतीशी, याचे साम्य सहज डोळ्यांत भरते. चरकाने दैव आणि पुरुषकार (प्रयत्न) यांच्यात जो बलवान तो दुसऱ्यावर मात करतो, असे म्हटले. आजचे आकडेही दोघांचा वाटा दाखवतात. आहार आणि व्यायाम बदलल्याने मधुमेह होण्याचे प्रमाण अमेरिकेतल्या २००२च्या चाचणीत ५८ टक्क्यांनी, तर २००६च्या भारतीय चाचणीत सुमारे २८ टक्क्यांनी घटले. बाकीच्यांचे काय?

प्रयत्नाला धर्माचे नाव दिले की ज्याचा प्रयत्न फसला त्याला पापी ठरवण्याचा मोह होतो. साखरेचा अहवाल मग शीलाचे प्रगतिपुस्तक बनतो. बौद्ध विचारात कर्म म्हणजे चेतना, म्हणजे हेतू; स्वादुपिंडाचा थकवा त्यात बसत नाही. आणि परिस्थितीचे काय? मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. पहाटे अंबाझरी तलावाला फेरी मारण्याएवढी सवड ज्याला आहे तो, आणि पहाटेच कामाला निघून दिवसभर गल्ल्यावर बसून राहावे लागते तो, या दोघांचा प्रयत्न एकाच मापाने मोजता येत नाही.